मागून येणारे थोरले साडू

जगात पहिलं येण्यासाठी धडपडणारी माणसं पायलीला पन्नास मिळतात, पण शेवटचं येण्यासाठी जिवाचा आटापिटा करणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. लग्नाच्या पंगतीत हे शेवटच्या पानावर. मिरवणुकीत चपला शोधत मागे राहिलेल्या बायकांच्याही मागे. दोंडाईच्याला आमच्या सासुरवाडीला जाताना सगळे रेल्वेतून उतरून रिक्षा ठरवायला लागलेले असतात, आणि हे अजून डब्यातच, कोणाचं काही राहिलं का ते बाकाखाली वाकून बघत असतात. एकदा गाडी त्यांना घेऊन पुढच्या स्टेशनापर्यंत गेली. दोन तासांनी परत आले ते हातात माझ्या बायकोची छत्री घेऊन. "राह्यली होती," एवढंच म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

या खोडीचं मूळ त्यांच्या घरात आहे. फैजपूरला त्यांची केळीची बाग. वडिलांच्या काळी सावद्याच्या स्टेशनावर केळीचे घड घेऊन बैलगाड्यांची रांग जायची, आणि रांगेतली शेवटची गाडी नेहमी घरातला कर्ता माणूस हाकायचा. पुढची गाडी कोणीही हाकावी, बैलांना रस्ता पाठ असतो. "घड पडला, आख मोडला, एखादा बैल बसला, त कोनाले दिसनार, बापू? मागच्यालेच ना!" हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे की झोपेत विचारलं तरी मी म्हणून दाखवीन. बैलगाड्या गेल्या, केळी ट्रकनं जाऊ लागली, पण साडूंनी आपली जागा सोडली नाही.

तर असा माणूस रशियाला आला कसा, हे सांगायला हवं. रशियातून शेजारच्या देशांत जायच्या वाटा मोकळ्या होत्या तेव्हाची ही गोष्ट. जळगावच्या काही हौशी मंडळींनी मॉस्कोपासून निघून लाटव्हिया, लिथुआनिया करत एस्टोनियात टालिनच्या समुद्रापर्यंत मोटरसायकलनं जायचं ठरवलं. तिथल्याच भाड्याच्या गाड्या, सामानाला एक व्हॅन, आणि वाट दाखवायला पुण्याचा एक तरुण कॅप्टन. मी धुळ्याच्या बँकेतून नुकताच निवृत्त झालेलो. आपण अजून म्हातारे झालो नाही हे बायकोला पटवून देण्याच्या भरात मी नाव नोंदवून बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडूंचा फोन. "तू जाऊ राह्यला म्हने. मंग तुह्या मागे कोन?" मी म्हटलं, मागे नऊ जण आहेत. ते म्हणाले, "ते त सारे पुढे पयनार." आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, इंदूरच्या पुढे कधी न गेलेल्या या गृहस्थानं पासपोर्ट काढला.

त्यांच्या सामानात सगळ्यात मोठी वस्तू होती सोपटाची गुंडाळी. केळीच्या खोडाचे वाळलेले पदर सोलून, ओले करून, त्या पदरांनी काहीही बांधता येतं, अशी साडूंची ठाम श्रद्धा आहे. चष्म्याची दांडी, बागेचं फाटक, मुलीच्या लग्नातला मांडव, सगळं त्यांनी सोपटानं बांधलेलं आहे आणि कटकट अशी की ते सुटतही नाही. मुंबईच्या विमानतळावर तपासणाऱ्या साहेबानं ती गुंडाळी हुंगून पाहिली, उजेडात धरली, वरिष्ठांना दाखवली आणि शेवटी "हे काय आहे?" असं विचारलं. "केळ हाये, साहेब. पन खायाची बाजू नही," साडू म्हणाले. रशियात दुसऱ्याच दिवशी आमच्या निम्म्या गाड्यांवर सोपटाच्या गाठी दिसायला लागल्या. माझ्या गाडीवर मात्र मी त्या दिसू दिल्या नाहीत. जळगावच्या दुकानातून मी हूक असलेले नवेकोरे रबरी पट्टे आणले होते, त्यांचा रंगही लाल होता.

प्रवासभर हा माणूस शेवटी. कॅप्टन मिनिटांच्या हिशोबानं चालणारा, आणि साडू रस्त्याकडेच्या प्रत्येक शेतात उतरून मातीची चिमूट हुंगणारे. "काळी हाये, पन थंड पडेल हाये," असा निकाल देऊन पुन्हा चाळीसच्या वेगानं निघायचे. भाषेची अडचण त्यांना कधी आली नाही, कारण ती आहे हे त्यांनी मानलंच नाही. पेट्रोल पंपावरच्या बाईशी, पोलिसाशी, कुत्र्याशी ते फैजपूरचंच बोलायचे, आणि देवाशपथ सांगतो, पहिल्या दोघांनी त्यांना रशियनमध्ये सविस्तर उत्तरं दिली. नोव्हगोरोदला ते पाऊण तास उशिरा पोचले, तेव्हा कॅप्टन नुसता घड्याळाकडे बघत राहिला. प्स्कोव्हला मात्र त्याचा तोल गेला.

"काका, उद्या आपल्या सगळ्यांच्या रशियाच्या व्हिसाचा शेवटचा दिवस आहे. उद्या सरहद्द ओलांडायलाच हवी. तुमच्यामुळे उशीर झाला, तर पलीकडे तुमची मोटरसायकल व्हॅनमध्ये चढेल आणि तुम्ही ड्रायव्हरच्या शेजारी बसाल. टालिनपर्यंत."

जेवण झाल्यावर साडू मला बाजूला घेऊन म्हणाले, "बापू, तू त्याले सांग. मले डब्यात घालून नको नेऊ म्हना. समुद्रापर्यंत मानूस म्हनून जाईन, सामान म्हनून नही." मी त्यांना इतकं हिरमुसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी वरवर "बघतो भाऊ" म्हणालो, पण खरं सांगायचं तर मला कॅप्टनचंच पटत होतं.

सकाळी व्हॅन पुढे निघून गेली. पासपोर्ट, व्हिसा, गाडीचे कागद असलेली माझी छोटी पिशवी मी मागच्या सीटवर बांधत होतो, तर साडू सोपट ओलं करून हजर. मी म्हटलं, "भाऊ, आज राहू द्या. सरहद्दीवर साहेब लोक असतात, बरं दिसत नाही." त्यांनी माझ्या लाल पट्ट्याकडे पाहिलं, सोपट खिशात घातलं आणि शेवटी जाऊन उभे राहिले.

दुपारी आम्ही लाटव्हियाच्या सरहद्दीवर पोचलो. ट्रकांची लांब रांग, पलीकडे काट्यांची कुंपणं. कॅप्टननं माणसं मोजली. दहा. साडू नाहीत. "मी म्हणालो नव्हतो?" त्यानं हेल्मेट टाकीवर आपटलं. आणि मी, त्यांचा सख्खा साडू, काय म्हणालो? "त्यांची खोडच आहे हो ती. लग्नातसुद्धा असंच करतात." एवढं बोलून मी कागद काढायला मागे हात घातला. सीट मोकळी होती. एक लाल पट्टा तेवढा चाकाजवळ लोंबत होता आणि त्याचा हूक तुटलेला होता.

परक्या मुलखात, पासपोर्टाशिवाय, व्हिसा संपायला काही तास. कॅप्टननं बाकीच्यांना रांगेत लावलं आणि तो माझ्याजवळ थांबला. परत जाऊन शोधावं तर पिशवी ऐंशी किलोमीटरमध्ये कुठे पडली कोणास ठाऊक. फोनला रेंज नव्हती. अर्ध्या तासानं त्यानंच हळूच विचारलं, "तुमच्या मागे कोण होतं?" आणि मग आम्ही दोघंही त्या रिकाम्या रस्त्याकडे बघत बसलो. ज्या माणसाला उशीर केला म्हणून शिक्षा व्हायची होती, तो माणूस यावा म्हणून मी गणपतीपासून मुंजोबापर्यंत सगळे देव आळवले.

दीड तासानं ते आले. त्याच चाळीसच्या वेगानं. माझी पिशवी तान्ह्या पोरासारखी छातीशी बांधलेली, अर्थात सोपटानं. उतरले, गाठ सोडली आणि पिशवी माझ्या हातात दिली. हूक तुटून पिशवी एका वळणावर उडाली होती आणि चेन फाटून कागद बटाट्याच्या शेतात पसरले होते. त्या शेताची म्हातारी मालकीण आणि साडू, दोघांनी वाऱ्यामागे धावून एकेक कागद वेचला. पासपोर्ट सगळ्यात शेवटी चरात सापडला. "तुह्या बीपीच्या गोयीची चिठ्ठीबी हाये पाह्य," ते म्हणाले. "बाई लई भली. जेवून जा म्हने." ती तसं म्हणाली हे त्यांना कसं कळलं, ते मी विचारलं नाही. मग कॅप्टनकडे वळून खाली मान घालून म्हणाले, "मले उशीर झाला, बावा. टाक माही गाडी डब्यात."

कॅप्टननं हेल्मेट बाजूला ठेवलं आणि भर रस्त्यात वाकून त्यांना नमस्कार केला. पुण्याचा माणूस वाकला, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. मी तर त्यांच्या गळ्यात पडून चक्क रडलो. "चाल, चाल, रांग लंबी हाये," ते पाठीवर थोपटत म्हणाले.

दिवस मावळायच्या आत आमच्या सगळ्यांच्या पासपोर्टांवर शिक्के पडले. पलीकडे अकराही मोटरसायकलींनी एकदम असा हॉर्न वाजवला की लाटव्हियाचा शिपाई कानांवर हात ठेवून हसायला लागला. बायकोचा फोन लागला. तिनं अहिराणीत सगळ्यांची खुशाली विचारली, "बठ्ठा सुखरूप शेतस ना?" मी म्हटलं, "बठ्ठा. भाऊ मांगे शेतस ना." त्यानंतर साडूंनी मागून हात वर केल्याशिवाय कॅप्टननं एकदाही गाडी सुरू केली नाही. विल्नियसमध्ये आम्ही राजासारखे शिरलो, रीगात लोकांनी आमच्याबरोबर फोटो काढले, तिथल्या काळ्या पावाला साडूंनी आपल्याकडच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीच्या खालोखाल जागा दिली. पाऊस लागला, वारा लागला, पण कोणाचा एक रुमाल हरवला नाही.

टालिनच्या शेवटच्या सकाळी कॅप्टन म्हणाला, "काका, आज तुम्ही पुढे. समुद्रापर्यंत." ते नको नको म्हणत होते, पण आम्ही सगळ्यांनी त्यांना ढकलून पुढे काढलं. इतक्या दिवसांत मी त्यांची पाठ पहिल्यांदा पाहिली. बारीक होती, थोडी वाकलेली होती, आणि शर्टाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आलेला होता. माझ्यामागे कायम एक मजबूत माणूस आहे असं मी धरून चाललो होतो, आणि तो केव्हा म्हातारा झाला ते मला कळलंच नव्हतं. चारपाच किलोमीटर ते गेले, सारखी मान वळवत. मग रस्त्याच्या कडेला थांबले आणि हात हलवून आम्हाला पुढे काढायला लागले.

"व्हा पुढे, व्हा. मले कोनीच दिसत नही."

मी त्यांच्या शेजारून गेलो तेव्हा ते बोटांवर आम्हाला मोजत होते. दहावा गेला तसा त्यांचा चेहरा फुलला आणि त्यांनी गाडी गिअरमध्ये टाकली. समुद्र समोर आला, सगळे ओरडत होते, मी मात्र आरशातच बघत राहिलो.