मिस्त्रीबाबांची साठी आणि गायमुखची मोरी

भिवाजी मिस्त्री मला पहिल्यांदा भेटले ते ओरडतच. "खडी आहे की नारळ? बारीक फोड!" ठाण्याहून घोडबंदराकडे खाडीच्या काठाने सरकारी सडक चालली होती, तिथे मी खडी फोडायला लागले होते. नवरा पटकीत गेलेला, माहेर नाही. त्यांच्या साठीसाठी या वहीत सगळे त्यांचा मान करताहेत, म्हणून मीही लिहिते. अक्षर वाकडं आहे, पण ते त्यांनीच शिकवलेलं, मैलाच्या दगडावर कोळशाने. हसायचं त्यांनी हसावं.

सडकेआधी इथे नुसती पायवाट. भरती आली की तीही बुडायची. मिस्त्रीबाबांनी तिवरं तोडून भराव घातला, पण कुणाच्या शेतातली वीतभर जमीन जास्त घेतली नाही.

गायमुखाखाली खाडीचं पाणी सडकेखालून जायला मोरी बांधायची होती. दोनदा कमान घातली, दोनदा उधाणात बसली. गडी कुजबुजू लागले, मोरीला माणूस लागतो. एका सकाळी मोरीच्या तोंडाशी हळदकुंकू आणि हिरवी चोळी ठेवलेली. शिवलेली. माझ्या मापाची.

"कोण पाहिजे रे मोरीला?" मिस्त्रीबाबांनी विचारलं.

"कोणी एकटंदुकटं. मागे रडायला कोणी नको," मुकादम म्हणाला. सगळे माझ्याकडे बघत होते.

"मला तरी कोण आहे रडायला? मी बसतो."

तिसऱ्या खेपेला त्यांनी चिखल उपसून कातळ लागेपर्यंत पाया नेला. मग अवसेच्या उधाणाला, भर दुपारी, स्वतः कमानीखाली जाऊन बसले. पाणी छातीला आलं, गळ्याला आलं. वारा पडलेला, एक बगळा दिसेना. आतून त्यांचा आवाज आला, खाडीशी बोलल्यासारखा, "आत्ता नाही, बाई. माझी साठी होऊ दे, मग ये!"

आवाज घुमला की आपलंच बोलणं परत येतं, एवढं मलाही कळतं. पण परत आलं ते 'ये' नव्हतं. "येते," असं आलं. मी ऐकलं. मुकादमाने ऐकलं, तो त्याच दिवशी काम सोडून कल्याणला पळाला.

मोरी उभी राहिली. पाणी उतरल्यावर मिस्त्रीबाबा बाहेर आले नि म्हणाले, "बघता काय? टोपल्या उचला." त्यानंतर माझ्याकडे तसं कोणी बघितलं नाही.

आता तुम्ही मंडळींनी ठरवलंय, साठी मोरीवरच करायची, वाजंत्री लावून. शहाणेच आहात! साठ मोजली कोणी? सडकेचा हात न् हात मोजणाऱ्या या माणसाच्या जन्माची नोंद कुठेच नाही. विचारलं तर म्हणतात, मोठ्या वादळाच्या साली. वादळ काय एकच झालं? माझ्या हिशेबी अठ्ठावन्न. सत्कार करा, पण तिकडे ठाण्यात, कोपरीत करा, आणि आकडा तोंडातून काढू नका.

मिस्त्रीबाबांनी धडधाकट शंभर वर्षं जगावं. आणि दर वर्षी कोणीही विचारलं, कुठूनही विचारलं, तर सगळ्यांनी एकच सांगायचं: एकोणसाठ.