जावयाच्या वाणाची करवत

घोडेगावला एसटीतून उतरले तेव्हा मोबाइलमध्ये जावयाने पाठवलेला एका करवतीचा फोटो होता आणि डोक्यात नुसता गोंधळ. दहा दिवसांनी मी कॅनडाला लेकीकडे निघणार. तिच्या लग्नाला मी रुसून गेले नव्हते, त्यामुळे ब्रायनला, म्हणजे जावयाला, अजून प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. अधिक महिन्याचं वाण (जावयाला द्यायची मानाची भेट) म्हणून काय आणू, असं विचारलं, तर म्हणाला, हाडं कापायची हलकी करवत! तो परवाना काढून डोंगरात तीन-तीन दिवस चालतो, घोड्याएवढं जनावर मारतो आणि तुकडे करून पाठीवर वाहून आणतो. मी अंडंसुद्धा खात नाही. पण पोराचं पहिलंच मागणं, नाही कसं म्हणायचं?

शिनोलीला एक चांगला लोहार आहे असं कळलं होतं, म्हणून जीपने आधी तिकडे गेले. तो विळ्याला धार लावत होता.

"जंगलात न्यायची?" त्याने फोटो पाहून विचारलं.

"हो. हाडं कापायला. हलकी हवी, लांब चालायचं असतं."

त्याचा हात थांबला. "बसा बाई, च्या घ्या," म्हणाला आणि फोन लावायला बाहेर गेला. काय हा पाहुणचार, असं मला वाटलं. चहा संपायच्या आत पोलीस पाटील हजर! बिबट्यांच्या या मुलखात एक अनोळखी बाई हाडं कापायची करवत मागते म्हटल्यावर दुसरं काय होणार? घाबरून मी जावयाचा शिकारीचा फोटो दाखवला आणि आगीत तेलच ओतलं.

"ह्यो कंचा डोंगर?" पाटलांनी फोटो मोठा केला. "आरं, मागं बरफ हाय की! हे आपल्याकडचं न्हाई राव."

दोघांचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही. पाटील म्हणाले, "करवत इथं न्हाई मिळायची. जुन्नरला मटनवाल्याला इचारा."

जुन्नरच्या बाजारात रफिकभाईंच्या मटणाच्या दुकानासमोर मी नाकाला पदर लावून उभी राहिले आणि जावयाची शिकार, शिंगं, करवत, सगळं सांगितलं.

"करवत कशाला, ताई? हाड कापायचंच नसतं, सांधा शोधायचा असतो. पुढचा पाय तर धडाला नुसत्या मांसानं धरलेला असतो. एवढ्याशा सुरीनं सुटतो."

"आणि शिंगं?"

"त्याला लागंल करवत. पण शिंगं खातो का तुमचा जावई?"

त्यांनी बोकडाचा मागचा पाय पुढे सरकवला. "बोटानं बघा, खळगा लागंल."

मी डोळे मिटून बोट फिरवलं. खळगा लागला, तिथे सुरीचं टोक घातलं आणि पाय अलगद सुटला. किळस आली आणि, लाज वाटते सांगायला, आनंदही झाला.

परतीच्या एसटीत लेकीचा फोन आला. मी सांगून टाकलं, "करवत नाही मिळाली गं. पण सांधा कुठे असतो ते शिकून आले. त्याला दाखवेन."

ती म्हणाली, "आई, तू मटणाला हात लावलास? ब्रायनसाठी?"

"लावला."

ती रडायला लागली. पाठीमागून ब्रायन मोडक्यातोडक्या मराठीत विचारत होता, "आई कधी येते?"

एवढं चालून जनावर का मारायचं, ते मला अजून कळलेलं नाही. वाणाच्या ताटात तेहेतीस अनारसे असतील, आणि शेजारी रफिकभाईंकडून घेतलेली छोटी सुरी. लग्नाला गेले नाही, तेव्हा जे तोडलं, ते जोडायला निघाले आहे.