नव्या घरात दूध उतू जाईना

नलूताई, गुडघा कसा आहे? दामूअण्णा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? नांदेडच्या वर्षाच्या बाळाला एव्हाना दात आले असतील. मी बरी आहे. फक्त घसा अजून खवखवतोय, त्याचं कारण पुढं येईलच.

भाची संगीताला सरकारी सोडतीत घर लागलं, म्हणून लासूर स्टेशनहून सकाळची गाडी धरली. छत्रपती संभाजीनगरला उतरून गरम पोहे खाल्ले आणि जालना रोडनं करमाडकडं जाणाऱ्या शेअर रिक्षात बसले. तुम्ही गेलात तर बसायच्या आधी भाडं ठरवा, अन् रुमाल जवळ ठेवा. वसाहतीच्या कुंपणापलीकडं एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याचा गाळ ढिगानं पडलाय. वारा इकडं वळला की घसा धरतो.

इमारत मात्र नवीकोरी. वर संगीता डोळे पुसत बसलेली. गृहप्रवेशाला दूध उतू घालवतात, तर तिचं नासलं होतं. तेही दोनदा.

"मावशी, हे घर आपल्याला धार्जिणं नाय. किल्ली परत देते."

किल्ली दिली की घर गेलं, आणि भाड्याची खोली तर तिनं सोडलेली.

मी भांडं पाहिलं. दूध खाली लागू नये म्हणून तळाला नळाचं पाणी घातलेलं. आमच्याकडं सगळ्याच घालतात. तेवढ्यात शेजारची शकीलाभाभी साखर घेऊन आली. भांड्यात डोकावून हळूच म्हणाली, "हमारा भी फटा था, खाला. किसको बोलते?"

खालच्या मजल्यावरची कमल दारातच थबकली. "व्हय? म्या तर सासूला कळूच दिलं नाय. लगेच माझा पायगुण काढला असता."

"पनीर करके खिला दी क्या सास को?"

"नाय गं, गुपचूप मोरीत ओतलं."

जी ती आपलंच नशीब समजून गप्प बसलेली. मला नळाच्या पाण्याचाच संशय आला. मी विकतच्या जारच्या पाण्यानं भांडं विसळलं, तळाला तेच पाणी घातलं आणि पिशवीतलं उरलेलं दूध ठेवलं. भस्सकन उतू गेलं. शेगडी पुसताना संगीता हसली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका नळाच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन वसाहतीच्या कार्यालयात गेल्या. मीही गेले.

साहेब म्हणाले, "पाणी तर स्वच्छ दिसतंय."

संगीता म्हणाली, "मग साहेब, चहा इथंच टाकू. दूध तुमचं, पाणी आमचं."

साहेबांनी चहा नको म्हटलं. बाटल्या मात्र तपासणीला ठेवून घेतल्या आणि तोवर टँकर लावून दिला.

लासूरला घरी परतले त्या संध्याकाळी शेजारणीशी बोलत राहिले आणि गॅसवरचं दूध उतू गेलं. एरवी चिडले असते. तिकडं अहवाल यायचाय, गाळ आहे तिथंच आहे. संगीतानं किल्ली ठेवलीय, पण लेकराला अजून तिथं झोपवत नाही, माहेरी ठेवलंय.

तुमच्यापैकी कुणाला असं घर लागलं असेल, तर दूध उतू गेलं का नासलं, ते लवकर लिहून कळवा. लाजू नका.