शैलामावशीचा मतदारसंघ

सोमवारी सकाळी वाल्डॉर्फच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना फात्माचा फोन आला. फात्मा लुडविग्सहाफेनला शैलामावशीच्या खालच्या मजल्यावर राहते. ती एरवी मेसेज पाठवते, फोन कधी करत नाही, म्हणून मी उठून बाहेर आले. “रेवा, शैलाच्या खिडक्यांची शटरं अजून खालीच आहेत,” एवढंच ती म्हणाली. मावशीची शटरं उजाडायच्या आत वर जायची. ट्रेनमध्ये बसतानाच मला कळून चुकलं होतं… पोचले तेव्हा दार सताड उघडं होतं आणि डॉक्टर निघायच्या तयारीत होते. मावशी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या बसल्या गेली होती. हृदय, ते म्हणाले. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

मावशी माझी सख्खी कुणी नव्हे. जर्मनीत नवीन होते तेव्हा एका गणपतीत ओळख झाली, आणि ‘घर मिळेपर्यंत माझ्याकडे राहा’ म्हणून तिनं मला घरी नेलं ते नेलंच. ती मूळची नाशिकची, रसायनशास्त्रातली एम.एस्सी. नवर्‍याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आली, आणि पुढे तिलाही तिथल्याच प्रयोगशाळेत काम मिळालं. मधुकरकाका लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. सगळ्यांनी परत ये म्हटलं, पण ती इथेच राहिली. त्याचं मोठं कारण शेजारचे नवराबायको, हॉर्स्ट आणि इंगे वेबर. काका गेल्यावर इंगेनं महिनाभर तिला एकटीला जेवू दिलं नाही. हॉर्स्ट कारखान्यातल्या पाळीवरून आला की तिला घेऊन चालायला जायचा आणि गाव दाखवायचा.

गाव तसं कुरूपच. देखणेपणा सगळा पलीकडच्या काठावर, हायडेलबर्गच्या वाटेला. इथे कारखान्याच्या नळकांड्या, काँक्रीटचे उड्डाणरस्ते आणि धुरकट आभाळ. पण हॉर्स्टनं तिला ते आतून दाखवलं. शंभर वर्षांपूर्वी इथल्याच ओप्पाऊ भागात कारखान्याचा खताचा साठा फुटला आणि शेकडो माणसं गेली, त्यांत त्याचा आजा होता. पुढे लढाईत कारखान्यासाठी म्हणून गावावर बाँब पडले. ढिगारे उपसून गाव पुन्हा उभं राहिलं, तेव्हा कामाला इटालियन आले, मग तुर्क आले. “जो आला त्यानं आधी शिव्या खाल्ल्या,” मावशी सांगायची, “आणि मग त्याच माणसानं नंतर आलेल्याला शिव्या दिल्या.” एकेकाळी इथे अख्खी इमारत एकाच पक्षाला मत द्यायची, एकाच पाळीला जावं तशी.

त्या मतदानाच्या दिवसांत वेबर नवराबायको ठेवणीतले कपडे घालून निघत आणि मावशी जिन्यात उभी राहून बघे. “इथे कर भरते, इथेच नवरा पुरला, आणि बोलायचा अधिकार नाही,” असं तिला वाटे. नव्वदच्या दशकात तिनं जर्मन नागरिकत्व घेतलं आणि भारतीय पासपोर्ट परत केला. त्यानंतर वर्षाच्या आतच नाशिकला आईनं अंथरूण धरलं. जायला आता व्हिसा लागत होता. मध्ये ईस्टरच्या सुट्ट्यांत वकिलात बंद राहिली… ती घरी पोचली तेव्हा दहावा होऊन गेला होता. भाऊ दारातच म्हणाला, “मिळालं ना मत? बस आता ते घेऊन.” हे तिनं मला एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

म्हणूनच असेल, त्या मताला ती इतकी जपायची. कामगारांच्या जुन्या पक्षाची ती सभासद झाली आणि प्रत्येक निवडणुकीत दारोदार हिंडली. दोन-तीनदा मीही बरोबर गेले. वालक्राइस, म्हणजे आपला मतदारसंघ, तिला हाताच्या रेषांसारखा पाठ होता. कडेच्या गावांत बागा राखणारे लोक नेमानं मत देत. आत, आमच्या हेम्सहोफसारख्या वस्तीत, अर्धे नागरिक नसल्यानं मत देऊ शकत नसत आणि उरलेल्यांतले बरेच जण देत नसत. “इतक्या जणांचा निकाल इतकेच जण लावतात गं,” ती जिने चढता चढता धापा टाकत म्हणायची. अलीकडे दारं उघडेनाशी झाली होती. दुकानं बंद पडत होती, उड्डाणरस्ता पाडायला घेतला होता, कारखान्यात कपातीच्या बातम्या होत्या. लोक दाराआडूनच ‘नको’ म्हणत.

मग ती हिवाळ्यातली निवडणूक आली. इंगे जाऊन बरीच वर्षं झाली होती, हॉर्स्ट ऐंशीच्या पुढचा, गुडघ्यांनी खचलेला. दर गुरुवारी मावशी त्याला वरणाचं सूप करून नेई. त्या गुरुवारी मी तिच्याबरोबर होते. त्याच्या टेबलावर एका पक्षाचं पत्रक होतं, परक्यांना परत पाठवा म्हणणार्‍या. झाकायचा प्रयत्नही त्यानं केला नव्हता.

“हॉर्स्ट, यांना देणार आहेस?”

“हो.” मग चमचा उचलत तो म्हणाला, “हे तुझ्याबद्दल नाही, शैला. तू वेगळी आहेस.”

“मग कुणाबद्दल? फात्माबद्दल? हिच्याबद्दल?” तिनं माझ्याकडे बोट केलं.

तो सूप ढवळत राहिला. मावशी त्याचं खाणं होईपर्यंत बसली, भांडं विसळलं आणि आम्ही निघालो. जिन्यात ती कठडा धरून थांबली. “चाळीस वर्षं, रेवा… आणि मी वेगळी.”

मतदानाच्या रविवारी रस्त्यावर बर्फाचा पातळ थर होता. हॉर्स्टला शाळेपर्यंत एकट्यानं जाणं शक्य नव्हतं. मावशी त्याला न्यायला गेली. “अगं, तो कुणाला मत देणार माहीत असून?” मी फोनवर जवळजवळ ओरडलेच. “माहीत आहे,” ती म्हणाली. “त्याचं मत आहे ते. मी ते घरात कोंडून ठेवू?” दोघं हातात हात घालून, घसरत सावरत गेली. शेजारशेजारच्या आडोशांत उभी राहिली. संध्याकाळी तिच्या टीव्हीवर आम्ही आकडे बघत बसलो. आमच्या वस्तीत तो पक्ष किती वाढलाय ते दिसलं तसा तिनं आवाज बंद केला.

त्यानंतर ती पक्षाच्या बैठकीला गेली नाही. गुरुवारचं सूप मात्र चालू राहिलं. तिच्याकडे गेलं की ती खिडकीशी बसलेली असायची, खाली ये-जा करणार्‍यांकडे बघत. “यातल्या कुणी त्या पक्षाला मत दिलं असेल, असं वाटत राहतं,” एकदा म्हणाली. “बेकरीतली पोरगी सुटे पैसे हातात ठेवते तेव्हासुद्धा. हे वाटणं वाईट गं… मत हरल्यापेक्षा वाईट.” ते वाटणं मनात घेऊनच ती गेली. मला त्यावर काही गोड बोलता येत नाही.

अंत्यविधीला हॉर्स्ट आला होता, मागे भिंतीला टेकून. सगळे पांगल्यावर माझ्यापाशी आला. “मी तिला खरंच सांगितलं होतं, ते तिच्याबद्दल नव्हतं,” तो म्हणाला. मी फुलं गोळा करू लागले. तो बराच वेळ वाट बघत उभा राहिला, मग काठी टेकत निघून गेला.

परवा त्यानं फोन केला. मावशीचा एखादा फोटो मिळेल का, असं विचारत होता. फोन ठेवून द्यावासा वाटला होता. तरी शोधला. बाल्कनीतला आहे एक, चौघांचा, मधुकरकाका आणि इंगेसकट. तो घेऊन गेले. त्याच्या दारासमोर उभी राहिले तेव्हा दारोदार हिंडताना मावशी मला काय बजावायची ते आठवलं: बेल दाबली की पाऊलभर मागे व्हायचं. दार उघडणार्‍याला आपण अंगावर आल्यासारखं वाटता कामा नये, त्याला नाही म्हणायलाही जागा हवी.

मी बेल दाबली आणि पाऊलभर मागे झाले. आतून काठीचा आवाज येऊ लागला… सावकाश.