दाजींनी मागितलेली माफी

शाळा सुटायला अजून तासभर होता. तिसरीची मुलं पाढे म्हणत होती, आणि दारात एक अनोळखी माणूस सायकल धरून उभा राहिला. माणूस ओळखीचा नव्हता, पण सायकल होती. पुढचा मडगार्ड पत्रा ठोकून घरीच केलेला, हँडलला कापडाची चिंधी गुंडाळलेली. दाजींची सायकल. तिला ते कुणाला हात लावू देत नसत. दुसऱ्याच्या हातात ती पाहिली तेव्हाच मला काय ते कळलं, पुढचं त्याचं बोलणं नुसतं कानावर पडत गेलं. सकाळी कामावर निघताना छातीत कळ आली, उंबऱ्यातच बसले, डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. "बाईंनी तुम्हाला लगेच बोलावलंय," तो म्हणाला. मी मान हलवली आणि वेड्यासारखं त्यालाच विचारलं, "सायकलीवरनं पिंपरीहून महाळुंग्याला आलात? दमला असाल." या गोष्टीला आज सहा आठवडे झाले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. नाव शमुवेलराव. आम्ही मूळचे नगरकडचे, दोन्ही घरं पिढीजात ख्रिस्ती. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता तेव्हा दाजी तिथे फिटर म्हणून लागले, आणि आई गेल्यावर अक्कानं मलाही तिकडेच नेलं. त्या वेळची पिंपरी म्हणजे रेल्वेचं स्टेशन, निर्वासितांच्या बराकी आणि उरलेला सगळा बाभळींचा माळ. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघं. दाजी उंच, हाडापेरानं मजबूत आणि रागाला जमदग्नी. डाळीत मीठ कमी पडलं तरी त्यांचा आवाज शेजारच्या तीन क्वार्टरांत जायचा. मात्र आपला राग त्यांना स्वतःलाच आवडत नसे. राग आला की ते अंगणात जाऊन एखादा लोखंडाचा तुकडा घेऊन कानशीनं घासत बसायचे. अक्का आतून म्हणायची, "आज मोठं प्रकरण दिसतंय, अर्धा तास झाला." मला मुदतीचा ताप आला तेव्हा याच माणसानं सतरा दिवस माझे पाय चेपले, कामावरून आल्याबरोबर, तोंडही न धुता. मी भ्रमात त्यांना काय काय बोललो म्हणे. त्याचा त्यांनी कधी उल्लेख केला नाही.

चर्च पुण्याला, पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. म्हणून दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याच बाहेरच्या खोलीत प्रार्थनासभा भरायची, आठ-दहा माणसं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात या सभेला सगळे गोलानं बसतात, डोळे मिटतात आणि एकामागून एक मोठ्यानं देवाशी बोलतात. एकाचं चालू असताना दुसरा मध्ये बोलत नाही, आणि ते संपलं की सगळे मिळून 'आमेन' म्हणतात. म्हणजे, आमचंही हेच मागणं आहे. दाजींची प्रार्थना सगळ्यांत लांब. पावसापासून कारखान्यातल्या मुकादमाच्या सांधेदुखीपर्यंत सगळं त्यात यायचं, आणि प्रत्येक बाबतीत देवानं नेमकं काय करावं हेही. शेजारच्या रूथबाई सुईण होत्या, तोंडाच्या फटकळ. त्या म्हणायच्या, "शमुवेलराव प्रार्थना करत नाहीत, देवाला ड्यूटी वाटून देतात." दाजी यावर हसायचे. तेव्हा त्यांना यात खरंच नुसता विनोदच दिसत होता.

मी शिक्षकाचा कोर्स संपवून घरी बसलो होतो, नेमणुकीची वाट पाहत. त्या दिवसांत एकदा स्टेशनकडे फिरायला गेलो असताना मी दाजींना सांगितलं की मला प्रार्थना करता येत नाही. डोळे मिटले की समोर कुणी आहे असं वाटतच नाही. आपण रिकाम्या खोलीत बोलतोय असं वाटतं. हे मी दुसऱ्या कुणालाही सांगितलं नव्हतं, अक्कालासुद्धा नाही. दाजी माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत राहिले. तो हात मला फार आवडला होता… आणि मग गुरुवार आला. दाजींची पाळी आली. पाऊस झाला, मुकादम झाला, आणि त्याच आवाजात ते म्हणाले, "आणि प्रभू, या घरात एक तरुण आहे. त्याला सगळं मिळालं, पण त्याचं मन तुझ्यापासून फिरलंय. तू नाहीसच, असं त्याला वाटतं. त्याचा गर्व मोड. त्याला गुडघ्यावर आण." त्या घरात तरुण असा मी एकटाच होतो. उठून जावं तर प्रार्थना चालू, उत्तर द्यावं तर बोलणं माझ्याशी नव्हतंच. आणि शेवटी सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. अक्कानंसुद्धा. सवयीनं म्हटलं असेल, पण म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी ट्रंक भरली. चार आठवडे चाकणला एका ओळखीच्या मास्तरांकडे काढले आणि मग महाळुंग्याची शाळा मिळाली. गावात कोंडाबाईंच्या घरी ओट्यालगतची खोली भाड्यानं घेतली. गुरुवार आता मोकळा होता. रविवारीही मी कुठे जात नसे.

दाजी पहिल्यांदा आले ते दिवाळीच्या सुट्टीत. भोसरी, मोशी, चाकण करत, सायकलीवर, अंगात उपासनेला घालायचा काळा कोट. ओट्यावर ताठ बसले आणि म्हणाले, "मी माफी मागायला आलोय. माझी पद्धत चुकली." मग ते म्हणाले, "पद्धत चुकली, पण मुद्दा चुकला नव्हता." मग मुद्दा समजावून सांगितला. मग, मी एवढ्या लांबून आलो, वयानं मोठा असून आलो, तर आता तूही तुझी चूक कबूल कर, म्हणजे आपण दोघं मिळून प्रार्थना करू, असं ते म्हणाले. मी म्हटलं, "दाजी, तुम्ही निघा. उन्हं उतरतील." त्यांचा चेहरा लाल झाला, पण ते ओरडले नाहीत. सायकल वळवली आणि गेले. कोंडाबाई दारात शेंगा निवडत होत्या. "मास्तर, पावणं कशापायी आलतं?"

"माफी मागायला."

"आता गं बया! मला वाटलं भांडाया आल्यात."

अक्का पुढे भेटली तेव्हा तीही हेच म्हणाली, जरा वेगळ्या शब्दांत. "हे तुझी माफी मागायला गेले आणि तुला माफी देऊन आले." ती हसली, मी हसलो नाही. पण तिनं आणखी एक सांगितलं. गुरुवारच्या सभेत दाजींनी मोठ्यानं बोलणं बंद केलं होतं. पाळी आली की ते नुसते बसून राहायचे, आणि थोड्या वेळानं शेजारचा सुरुवात करायचा. पहिल्या गुरुवारी लोकांना वाटलं घसा बसला असेल. नंतर कुजबुज सुरू झाली. पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "माझ्या तोंडून मीच बोलतोय असं लक्षात आलंय. तो 'मी' थांबेपर्यंत गप्प बसतो." रूथबाई म्हणाल्या, आता सभा वेळेवर संपते, पण करमत नाही. मला हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली. पण मी गेलो नाही. माणूस हट्टाला पेटला की त्याला दुसऱ्याचा पश्चात्तापही नाटकी वाटतो, आणि मी तर घरातल्या सगळ्यांत हट्टी.

दुसऱ्यांदा आले ते आठ-नऊ महिन्यांनी. या वेळी कोट नव्हता. खिशातून घडी घातलेला कागद काढला. म्हणाले, "तोंडानं बोलायला गेलो की भलतीकडे जातो, म्हणून लिहून आणलंय." आणि अर्ज वाचावा तसं वाचू लागले. पहिली दोन वाक्यं चांगली होती. तिसऱ्यात, तुझ्या आजारपणात मी तुझी सेवा केली त्यावरून माझं तुझ्यावरचं प्रेम, असं काहीतरी आलं, आणि तिथे ते थांबले. तेच वाक्य मनाशी पुन्हा वाचलं. मग कागदाची घडी घातली. "यातही मीच आहे रे, सुधाकर," ते म्हणाले. "काल लिहिलं तेव्हा दिसलं नाही बघ. घरून निघतो तेव्हा मन साफ असतं. मोशीपर्यंत ठीक असतं. नदी ओलांडली की आतला वकील उठतो आणि माझी बाजू मांडायला लागतो. तिकडे लोखंड घासून सरळ करतो मी, सुतासारखं… हे मात्र होत नाही." एवढ्या मोठ्या देहाच्या माणसाचे डोळे भरले होते. तेव्हा मी उठून त्यांचा हात धरायला हवा होता. मी शाळेच्या वह्या पुढे ओढल्या आणि तपासत बसलो. एकही अक्षर दिसत नव्हतं, तरी तपासत बसलो. ते केव्हा उठले ते मी पाहिलं नाही.

यानंतर दीड वर्ष. या काळात अक्का येत-जात राहिली, दाजींची खुशाली कळत राहिली. आवाज उतरला होता म्हणे. मीठ कमी पडलं तर स्वतः उठून घ्यायचे. मध्येच एकदा जुना राग उसळला, त्यांनी पाण्याचा तांब्या भिंतीवर मारला, आणि मग दोन दिवस जेवले नाहीत. "असं वाटतं की चढण संपली," ते अक्काला म्हणाले होते, "आणि बघावं तर मी होतो तिथंच." ती हे सांगताना रडली. मी म्हटलं, नाताळला येईन. तो नाताळही गेला.

तिसऱ्यांदा दाजी आले ते यंदा, कांदा काढणीच्या दिवसांत. चाकणच्या बाजाराकडे बैलगाड्यांची रांग लागली होती, त्या धुळीतून आले, डोक्यापासून पायापर्यंत मातकट. सायकल भिंतीला लावली. कोंडाबाईंनी पाणी दिलं, ते प्यायले. ओट्यावर माझ्या शेजारी बसले, समोर नाही. मी म्हटलं आता सुरुवात होईल. बराच वेळ ते रस्त्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माझं चुकलं."

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. 'पण' येईल, 'तरी' येईल. काही आलं नाही. एवढ्यासाठी हा माणूस तीन वर्षं झगडला होता, हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. आणि माझ्या तोंडून काय निघालं? "चहा घ्या," मी म्हणालो. मनात होतं की बाकीचं सावकाश बोलू. मे महिन्याच्या सुट्टीत पिंपरीला जाऊ, सभेत त्यांच्या शेजारी बसू, तिथे बोलू. दाजी म्हणाले, "घेतो की." चहा प्यायले, माझ्या वर्गात मुलं किती, खोली गळते का, असलं विचारलं. निघताना खांद्यावर हात ठेवतील असं वाटलं, ठेवला नाही. कदाचित आता तो हक्क नाही असं त्यांना वाटलं असेल. वीस दिवसांनी त्यांची सायकल शाळेच्या दारात उभी राहिली.

माती दिल्यावर मी चार दिवस अक्काजवळ राहिलो. मी तिला विचारलं, त्या दिवशी घरी येऊन दाजी काय म्हणाले? ती म्हणाली, "काही नाही. सुधानं चहा दिला म्हणाले. आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या." मी सुस्कारा टाकणार, तोच ती म्हणाली, "तुला माहीत नसेल. सभेत गप्प असायचे, पण रोज पहाटे इथं, या भिंतीला टेकून बसायचे, कारखान्याचा पहिला भोंगा व्हायच्या आधी. मी भाकरी करत असायचे. एकेकाचं नाव घेऊन मागायचे, जरा हळू, पण मागायचे. तुझ्यापाशी आले की नुसतं 'सुधाकर' म्हणायचे आणि थांबायचे. बराच वेळ. मी एकदा म्हटलं, अहो, पुढं मागा की त्याच्यासाठी काहीतरी. तर म्हणाले, त्याच्यासाठी काय मागायचं ते मला कळतं, असं वाटलं होतं, म्हणून तर एवढं झालं."

तीन वर्षं रोज पहाटे त्या स्वयंपाकघरात माझं नाव घेतलं जात होतं आणि त्याच्यापुढे काही जोडलं जात नव्हतं. हा माणूस देवाला पावसाचीसुद्धा दिशा सांगायचा… मला त्यांची इतकी आठवण येते की कधी कधी चाकणच्या रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तरी मी वर्ग सोडून दारात येतो.

आता दर शनिवारी शाळा सुटली की मी पिंपरीला जातो आणि सोमवारच्या पहिल्या गाडीनं परततो. अक्का रविवारी पहाटे चूल पेटवते, परातीत पीठ घेते, आणि भोंग्याच्या आधी तेवढा वेळ हात थांबवून बसते. त्या भिंतीला टेकून कुणी बसलेलं नसतं, तरी ती थांबते. गेल्या रविवारी मी तिथे जाऊन बसलो. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "प्रभू, दाजी…" पुढे सांगणार होतो की मी त्यांना केव्हाच माफ केलंय, चहा दिला त्या दिवशीच. पण ते खरं नव्हतं. त्या दिवशीही मी थोडं हातचं राखून ठेवलं होतं, आणि तिथे बसून खोटं बोलवेना. खरं एवढंच होतं की ते मला हवे होते, रागासकट, वकिलासकट. तेवढंच म्हणालो, आमच्यात म्हणतात तसं, मोठ्यानं.