आदेशानुसार क्लोज, अ. क्र. ७

भूतबाधा, कौल, अंगात येणं असलं काही मी मानत नाही. मोजता येतं तेवढंच खरं, या मताचा मी माणूस. तरी हे लिहितोय, कारण ताळा जुळत नाही...

अणदूर आणि आसपासच्या चार गावांत मी इंटरनेट पुरवतो, कनेक्शन ३८६. गेल्या उन्हाळ्यात बेकायदेशीर साईट बंद करण्याचा सरकारी आदेश मेलवर आला. यादीत ४३ नावं. दोनदा मोजून सगळ्या बंद केल्या. लोकांना कारण कळावं म्हणून प्रत्येकीच्या जागी सूचना लावली. मटक्याचे आकडे देणाऱ्या साईटवर दिसायचं – ‘आदेशानुसार क्लोज. अ. क्र. ७.’

मटक्यात दुसऱ्या आकड्याला ‘क्लोज’ म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. गावाला होतं.

सोमवारी क्लोजला सात आला. मंगळवारीही सात. बुधवारी सकाळी चहावाले महादप्पा नारळ घेऊन ऑफिसात आले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठे, आणि माझ्याच पायाशी वाकायला लागले! मी मागं सरलो. हा आकडा नाही, यादीतला अनुक्रमांक आहे, असं कागद दाखवून समजावलं.

“व्हय की,” ते शांतपणे म्हणाले, “सरकारकडनं आलाय, म्हणून तर लागतोय.”

त्या दिवशीही सातच. सलग तीनदा – म्हणजे हजारात एक.

गुरुवारी पोलीस ठाण्यातून बीटचे जमादार आले. मी नेटवरून आकडा फोडतो, अशी तक्रार होती. यादी पाहून त्यांना पटलं, पण म्हणाले, “आज परत लागला तर मला वर कळवावंच लागंल, मालक. लायसन जाईल तुमचं.”

अकरा वर्षांचा धंदा. त्यांच्यासमोरच मी अनुक्रमांक पुसला. उरलं फक्त – ‘आदेशानुसार क्लोज.’

त्या दिवशी मटका निघालाच नाही. कुणाकडेच आकडा आला नाही... ना ओपन, ना क्लोज. संध्याकाळी जमादारांचा फोन आला.

“मालक, साईट बंद करायची होती. तुमी मटकाच बंद केला व्हय?”

सोडत कुठं निघते, कोण काढतं, मला आजही माहीत नाही. दोन दिवसांनी ती सुरू झाली म्हणे. सात काही आला नाही. लायसन शाबूत आहे.

पुढं आदेशाचा पूर्तता अहवाल पाठवायचा होता. ‘बंद केलेल्या साईट’ या रकान्यात ४३ लिहिलं. शेजारी ‘परिणाम’ असा रकाना होता. तासभर पेन धरून बसलो... आणि आयुष्यात पहिल्यांदा, एक रकाना कोरा ठेवून सही केली.