दोघींत एकच धड लुगडं

बायांनो, आज जे घडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

कापडावर सरकारी कंट्रोल येऊन ते मोजूनमापून मिळायला लागल्यापासून मी आणि माझी धाकटी जाऊ सखू, आम्हा दोघींत एकच धड लुगडं उरलंय. सकाळी ते नेसून मी रेशनच्या रांगेत उभी होते. इकडे घरी तिच्या तान्ह्या पोरीला ताप चढला.

सखू नवऱ्याचं धोतर गुंडाळून, पोर छातीशी धरून भर बाजारातून पळत आली. "अक्का, पोरगी डोळं उघडंना!"

रांग सोडून आम्ही दवाखान्यात धावलो. डॉक्टर म्हणाले, "एवढा उशीर का केलात?" माझ्या अंगावरच्या लुगड्याची वाट बघत सखू घरात अडकली होती.

ताप अजून उतरलेला नाही. मी कात्री घेऊन बसलेय. एका नऊवारीत दोघींचं अंग झाकेल असं कसं कापू? कुणाला जमलं असेल तर सांगा.